तिसरी कॉफी आणि आलोइसचे बूट

सारायेवो, शनिवार सकाळ

आदरणीय रासिम मामांना,

त्यांच्या एकुलत्या एका (आणि म्हणून आपोआपच सगळ्यात लाडक्या) भाच्याचा सलाम. ईद नसली तरी हाताचं चुंबन घेतलं असं समजा. गुडघा कसा आहे? मामींचं ब्लडप्रेशर उतरलं का, की अजून तुम्ही घरात असलात की चढतं आणि दुकानात गेलात की उतरतं? मधमाश्यांच्या पेट्या पुलाच्या खालच्या अंगाला हलवल्यात असं कळलं. बरं केलंत, वरच्या अंगाला त्या पोस्टमनवर डूख धरून होत्या. माझी तब्येत ठणठणीत आहे. पोट तेवढं जड आहे, त्याचं कारण पुढे ओघाने येईलच.

आधीच एक विनंती. हे पत्र दुकानात, गालाला साबण फासलेल्या गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने वाचू नका. मागे ग्राझमध्ये मी छपरावरून जरासा घसरलो, ते तुम्हाला कळवलं, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या मागलाय गावात माझा दुखवटा चालू झाला होता. फोन केला असता, पण तुमचा फोन उचलते माझी आई (स्वतःचा फोन असताना ती तुमच्या घरी येऊन तुमचाच का उचलते, ते तुम्ही भाऊ-बहीण बघून घ्या), आणि यातलं निम्मं तिच्या कानावर जायचं नाही. म्हणून कागद. नऊच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतोय. शाळेचं आणि माझं कधी पटलं नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा अक्षराकडे बघू नका, मजकुराकडे बघा.

तर मामा, मी सारायेवोत आहे! चार दिवसांची सुट्टी काढून, अगदी फिरस्त्या साहेबासारखा, गळ्यात कॅमेरा (आलोइसचा) आणि डोळ्यावर काळा चष्मा (तोही आलोइसचाच) लावून. आलोइस म्हणजे आमचा मुकादम. वयाने तुमच्याएवढा, पण ऑस्ट्रियात सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, म्हणून मीही. बायको वारल्यापासून हा माणूस डब्यातल्या सूपवर जगतोय. आयुष्यभर लोकांच्या घरांवर कौलं चढवली, पण स्वतःच्या छपराखाली बसून गरम घास खाल्ल्याला त्याला किती वर्षं झाली, देव जाणे. मी छपरावर बसल्या बसल्या त्याला आपल्याकडच्या खाण्याच्या गोष्टी सांगायचो. एक दिवस हातोडी खाली ठेवून म्हणाला, "गाडी माझी, पेट्रोल माझं. चल, दाखव." मी म्हटलं, दाखवतो की, सारायेवो म्हणजे माझ्या खिशात आहे! (मामा, मी सारायेवोला उभ्या जन्मात दोनदा आलो होतो. एकदा शाळेच्या सहलीत, तेव्हा गाडी लागून अख्खी सहल मी बसमध्ये आडवा होतो, आणि एकदा व्हिसाच्या रांगेत.)

पण खरं कारण निराळं होतं, आणि ते तुम्हाला आज पहिल्यांदाच सांगतो. बसला असाल तर उठू नका. तिचं नाव झेरिना. ग्राझच्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. गेल्या वर्षी त्या वृद्धाश्रमाचं छप्पर आम्ही बदललं. ते काम तीन आठवड्यांत उरकायचं, पण मला एकेक कौल तीन तीन वेळा बसवावंसं वाटायला लागलं, कारण रोज दुपारी ती खिडकीतून हात बाहेर काढून आम्हाला सूप द्यायची. तिच्या हातचं सूप एकदा प्यायलेला माणूस परत खाली उतरायला मागत नाही. मुलगी सारायेवोची, वरच्या व्रातनिक मोहल्ल्यातली, बाप एश्रेफ ट्राम चालवतो. ती सुट्टीवर घरी यायची होती, तेव्हा आमचं असं ठरलं, की मी मुकादमाला घेऊन "शहर बघायला" यायचं आणि शुक्रवारी दुपारी तिच्याकडे कॉफीला जायचं. तिने मला बजावून ठेवलं होतं, "पहिल्या कॉफीला तब्येतींची चौकशी. दुसऱ्या कॉफीला बोलायचं. ट्रामबद्दल नाही, माझ्याबद्दल." म्हणजे बघा मामा, बाकी सगळं फिरणं-खाणं हा नुसता बहाणा होता. पण बहाणाच एवढा चविष्ट निघाला की मूळ काम विसरायची पाळी आली!

बुधवारी संध्याकाळी पोचलो, गुरुवारी सकाळी बाश्चार्शियाच्या जुन्या बाजारात शिरलो. आता आम्ही दोघेही पडलो कौलं चढवणारे. बाकीचे प्रवासी दुकानांतली तांब्याची भांडी बघतात, कबुतरांना दाणे टाकतात. आम्ही दोघं माना वर करून चाललोय. "ते बघ, शिशाचा पत्रा! जोड कुठे दिसतोय का?" "आणि त्या पन्हळीला काय झालंय? कुणी गाढवाने बसवलीय?" असं करत करत मी एका आजोबांच्या टोपल्यांत पाय घातला आणि आलोइस कॅमेऱ्यासकट चौकातल्या कारंज्यावर जाऊन आदळला. त्या कारंज्याचं पाणी जो पितो तो सारायेवोला परत येतो असं म्हणतात. आलोइसने ओंजळभर प्यायलं, मग विचार करून बाटली भरून घेतली. म्हणाला, भरवसा नको, घरी गेल्यावर रोज घोट घोट घेईन.

मग चेवापी! मामा, तुम्ही म्हणाल मागलायच्या स्टँडवर काय वाईट मिळतात; पण मामा, शपथेवर सांगतो, तिथली चेवापी म्हणजे चेवापीचा फोटो, आणि ही म्हणजे चेवापी. निखाऱ्यावरचा धूर अंगावर घेत वेटर आला आणि नेहमीसारखं विचारता झाला, "पाच की दहा?" आलोइस म्हणाला, "दोन." खिम्याच्या त्या बोटभर वळकट्या त्याला सॉसेज वाटल्या, आणि त्याच्या गावी सॉसेज दोनच घेतात. वेटर माझ्याकडे वळला. "पाहुणा आजारी आहे का?" मी म्हटलं, "ऑस्ट्रियाचा आहे." "बरं बरं, म्हणजे जुनं दुखणं. आणि तू कुठला?" "मागलायचा." "मग तुला दहाच लागतील, तिकडे धुक्यात ताट दिसत नाही म्हणतात." आलोइसने बिअर मागितली, त्याला दह्याचा ग्लास मिळाला. त्याने तो संशयाने हुंगला, मग रिकामा केला, मग आणखी एक, मग आणखी एक. दोनच्या जागी पंधरा चेवापी खाल्ली आणि सोमून रोटीच्या तुकड्याने ताट असं पुसलं की वेटरने ते धुवायला न नेता सरळ पुढच्या गिऱ्हाइकापुढे ठेवलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

तिथून आम्ही नदीवरच्या त्या पुलाशी गेलो, जिथे १९१४ साली ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला गोळी घातली. मला वाटलं होतं आलोइस फोटोबिटो काढेल. त्याने टोपी काढली आणि कठड्याला हात लावून उभा राहिला. बाकावर एक म्हातारेबाबा उन्हं खात बसले होते. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. "त्यांच्यातला का?" "हो." म्हातारेबाबा काठी टेकत उठले, आलोइसचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "आमच्याकडून तेव्हा भेटायला येणं झालं नाही. फार वाईट झालं. आता झालं गेलं, चल, कॉफी घेऊ." मामा, शंभर वर्षांहून जुना दुखवटा, पण आलोइसच्या डोळ्यांत पाणी! बायको गेल्यावर कुणी एवढा वेळ त्याचा हात धरला नव्हता, असं तो मला नंतर म्हणाला.

पण बुरेकवाल्या बाईंपुढे मात्र त्याने लाज काढली. ग्राझला दुकानातून "चीजचा बुरेक" असं लिहितात ना, तेच हा तिथे मोठ्या तोंडाने बोलला. बाईंनी निखाऱ्याखालचा तवा तसाच हातात धरला. "ए पोरा," बाई मला म्हणाल्या, "तुझ्या पाहुण्याला सांग, बुरेक म्हणजे पापुद्र्यांत भरलेलं मांस. चीजचं जे असतं ते चीजचं असतं, त्याला स्वतःचं नाव आहे, आईबाप आहेत. तू सांग, नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलं की त्याला ते कायमचं पाठ होईल." मी दोघांच्या वतीने माफी मागितली. बाईंनी माफ केलं, आणि दोन्ही प्रकार असे भरभरून दिले की आलोइस म्हणाला, इथे चूक केली की जास्त वाढतात वाटतं. मग तो मुद्दाम चुका शोधायला लागला. सफरचंदात अक्रोड भरलेली मिठाई, भेंडीचं सूप, कांद्यात भरलेला खिमा, एकही सोडलं नाही. संध्याकाळी किल्ल्याच्या बुरुजावर चढलो. सगळी दुनिया मावळतीचा सूर्य बघत होती. आम्ही दोघं खालची फुटकी कौलं मोजत होतो आणि ढेकर देत होतो. मामा, माणसाला याहून काय सुख असतं?

आता शुक्रवार. इथून नीट वाचा.

नमाजाच्या वेळेनंतर आम्ही व्रातनिकचा चढ चढलो. एक पाउंड कॉफी, साखरेच्या वड्या, चॉकलेटचा डबा, सगळं रीतसर. दारात बूट काढले, घरातल्या सपाता घातल्या (आलोइसच्या पायाला त्या घरातली एकही सपाता पुरेना, टाचा बाहेर ठेवून तो पोरांच्या सपाता घातलेल्या अस्वलासारखा दिसत होता). एश्रेफसाहेब म्हणजे भरदार मिशा, ट्रामवाल्याचा निळा शर्ट, आणि बघणं असं की रुळांवर काही आडवं आलंय का. झेरिनाची आई मेवलिदाबाई गोड स्वभावाची. बसतो न बसतो तोच आलोइसने, खोलीत कोंदट वाटतंय म्हणून, त्याच्या गावच्या सवयीने समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. मेवलिदाबाईंनी अशी किंकाळी फोडली की शेजारीण धावत आली. "वारा! आरपार वारा! अहो, मरायचंय का सगळ्यांनी?" एश्रेफसाहेबांनी एका हाताने मानेवर टॉवेल घेतला, दुसऱ्याने खिडकी लावली. समोरासमोरच्या खिडक्यांतल्या झोताने माणूस मरतो हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत, आलोइसला नाही. त्याने वाकून क्षमा मागितली आणि बक्लावाचा तुकडा उचलला.

पहिली कॉफी आली. तब्येती झाल्या. दुसरी आली. झेरिना ट्रे ठेवताना माझ्या पायावर पाय देऊन गेली, म्हणजे आता बोल. मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "ट्रामचा ब्रेक पावसात धरतो का हो?" मामा, जीभ माझी, पण चालवत होता सैतान! एश्रेफसाहेब खूश झाले, ब्रेकवर बोलले, रुळांवर टाकायच्या वाळूवर बोलले, मग मला अंगणातलं प्लमचं झाड दाखवायला घेऊन गेले. झाडाखाली मी मनाचा हिय्या केला. आत गेलो की कप उरकायच्या आधी बोलून टाकायचंच. आत आलो, बसलो, खाकरलो, आणि दारातून मेवलिदाबाई आल्या. हातात ट्रे. ट्रेवर तिसरी कॉफी.

मामा, तुम्हाला काय सांगायचं, पहिली स्वागताची, दुसरी गप्पांची आणि तिसरी "आता उठा"ची, हे आपल्याकडे पोराला चालता यायच्या आधी कळतं. त्या विमावाल्याला मामींनी दारात पाय ठेवताच थेट तिसरी दिली होती, आठवतं ना? अजून मी बोललोही नाही आणि यांनी उत्तर दिलंसुद्धा! मेवलिदाबाईंचा चेहरा पांढरा पडलेला, एश्रेफसाहेब ट्रेकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, मिशी थरथरते. मी म्हटलं, बरोबर आहे, मी कोण, मागलायचा कौलं चढवणारा, यांची मुलगी कोण. पण मामा, आपल्या घराण्याला मान आहे. मी कप तोंडाला लावला, जीभ भाजली तशी तो खाली ठेवला आणि उठलो. "येतो आम्ही." एश्रेफसाहेब म्हणाले, "येता? बरं. तुमची मर्जी." कसं म्हणाले! जणू मीच त्यांच्या तोंडावर दार लावलं! मी मागे वळून पाहिलं नाही. आलोइस मागून येतोय की नाही तेही नाही. दारात बूट पायात कोंबले आणि उतारावरून सुटलो.

अर्ध्या उतारावर लक्षात आलं, पाय बुटात पोहत होते. आलोइसचे बूट! दोघांचे काळे, दोघांचे डांबर लागलेले, फक्त त्याच्या एका बुटात माझे दोन पाय बसतात. परत कोण जाणार? फताक फताक करत चाललोय. गालिचा झटकणारी एक बाई गच्चीतून म्हणाली, "काय रे बदका, तळं शोधतोस का? खाली आहे नदी, सरळ जा." मी सरळ गेलो. दुःख एवढं झालं होतं की दहा चेवापी घेतली (मामा, दुःखात पाच पुरत नाहीत), आणि खाता खाता रुळांच्या कडेने नदीकाठाने चालायला लागलो. ठरवलं, आलोइसला शोधायचं, बूट द्यायचे, रातोरात ग्राझ गाठायचं आणि पुन्हा कधी सूप प्यायचं नाही.

इकडे घरात काय झालं ते मला नंतर सगळ्यांनी एकदमच बोलत सांगितलं, त्यातून जुळवून लिहितो. आलोइस बिचारा निघायला दारात गेला, तर बूट नाहीत. माझे बूट त्याच्या अंगठ्यालाही होईनात. मग काय करणार, परत येऊन बसला, बक्लावा संपवला. झेरिना स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. शेवटी, रिकामं बसवेना म्हणून, हा अंगणात गेला, मान वर केली आणि त्याला धुराड्याजवळचं फुटकं कौल दिसलं. शिडी मागितली. सपातांवर छपरावर चढला! एश्रेफसाहेब खाली शिडी धरून. लढाईच्या वर्षांत ते दोन हिवाळे लिन्झला निर्वासित होते, त्यामुळे जर्मन थोडं येतं. त्यांनी खालून विचारलं, "तुमचा तो पोरगा असा का पळाला? आमच्यात काय कमी दिसलं त्याला?" आणि आलोइसने वरून, हातात कौल धरून, माझं स्थळ मांडलं! म्हणाला, "तो तुमच्या मुलीला मागणी घालायला आला होता. वर्षभर छपरावर दुसरं काही बोलत नाही. त्याच्यापायी मी तीन खिडक्या उलट्या बसवल्या. का पळाला ते मला माहीत नाही, पण माझे बूट घेऊन पळालाय, म्हणजे लांब जाणार नाही."

एश्रेफसाहेबांची चारची पाळी होती. ते तडक निघाले. आलोइसला सपातांसकट बरोबर घेतलं, झेरिनाही निघाली, आणि मेवलिदाबाईंनी उरलेल्या बक्लावाचं ताट आलोइसच्या हाती दिलं, वाटेत लागेल म्हणून.

आता चित्र बघा मामा. मी नदीकाठाने फताक फताक चाललोय, तोंडात सोमून, आणि मागून ट्रामची घंटा. मी बाजूला झालो. घंटा थांबेना. आणखी बाजूला झालो, जवळजवळ नदीत. ट्राम माझ्या शेजारी येऊन, दोन थांब्यांच्या मध्ये, जिथे देवाच्या बापालाही थांबायची परवानगी नाही, तिथे थांबली! दार उघडलं. "चढ, मूर्खा!" एश्रेफसाहेब आतून ओरडले. मी चढलो. ट्राम खच्चून भरलेली. पहिल्या बाकावर आलोइस, टाचा बाहेर, मांडीवर ताट, येणाऱ्याजाणाऱ्याला बक्लावा वाटतोय. आणि अगदी मागे, हाताची घडी घालून, तोंड खिडकीकडे करून, रागाने लाल झालेली झेरिना.

"कॉफी टाकून का पळालास?" एश्रेफसाहेब.

"तुम्ही तिसरी दिलीत म्हणून!"

"तुम्ही मागितलीत म्हणून दिली! आमच्या घरात पाहुण्याने स्वतःहून तिसरी मागायची म्हणजे काय, कळतं का तुला? घर आवडलं नाही, मुलगी आवडली नाही, निरोप द्या लवकर! माझी बायको रडते आहे."

"मी? मी कधी मागितली? मी तुमच्याबरोबर प्लमखाली होतो!"

पिशवीतून लीक कांद्याच्या पाती डोकावणाऱ्या एक आजी होत्या, त्या म्हणाल्या, "मग मागितली कुणी, भुताने?" आणि हळूहळू अख्खी ट्राम आलोइसकडे वळली. त्याला भाषा कळेना, पण चाळीस माणसं बघायला लागली की काहीतरी विचारलंय हे कळतं. एश्रेफसाहेबांनी जर्मनमध्ये विचारलं. आलोइसचं तोंड उजळलं. "हो, मी. स्वयंपाकघरात गेलो आणि कप पुढे केला. फार छान होती."

मामा, ट्राम रुळावरून कशी घसरली नाही! लीकवाल्या आजी हसता हसता बाकावर बसल्या, आणि त्या बाकावर आधीच एक गृहस्थ होते. मागे दुसरी ट्राम येऊन घंटा बडवायला लागली, मोटारवाले भोंगे वाजवायला लागले. एश्रेफसाहेबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "तुझ्या मुकादमाने माझं कौल बसवलं. तू अजून काय केलंस? मुलगी हवी की नको? मागे गाड्या थांबल्यात, लवकर बोल!" "अरे हो म्हण!" आजी. "हो म्हण रे, मला दवाखान्यात जायचंय!" मागून कुणीतरी. "आजचा दिवस गेला तर ट्राम उद्या पकडशील, मुलगी नाही मिळायची!" मी ओरडलो, "हवी!" टाळ्या! ट्राम सुटली. मागून झेरिनाचा आवाज आला, तोंड तसंच खिडकीकडे, "कॉफीला घाबरून पळणारा माणूस मला नको. रविवारी दुपारी घरातलं मोठं माणूस घेऊन ये, रीतीने. आणि मी उठ म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही."

मग काय मामा! शेवटच्या थांब्यापर्यंत आणि परत, आम्ही ट्राममध्येच! अख्खं सारायेवो खिडकीतून बघितलं, मशिदी, चर्च, उंच इमारती, जुनी कचेरी, आणि प्रत्येक ठिकाणी एश्रेफसाहेब कुठे काय चांगलं खायला मिळतं ते ओरडून सांगत होते. आलोइसने प्रत्येक जागेचा फोटो काढला, एकातही सारायेवो नाही, सगळ्यांत मीच आहे, तोंड उघडं.

आणखी काय लिहू? हातावरचा बक्लावाचा पाक कागदाला लागतोय, तेवढा गोड मानून घ्या. मामींना, दुकानाला आणि पुलाखालच्या सगळ्या माश्यांना सलाम. थोरांना मान, पोस्टमनला सहानुभूती.

तुमचाच,
नेजाद

ता. क. मामा, बाबा असते तर त्यांना सांगितलं असतं. ते नाहीत, म्हणून मोठं माणूस म्हणजे तुम्ही. उद्या, रविवारी, सकाळच्या पहिल्या बसने या. काळा कोट घाला, तो लग्नाचा. दुकानाचा पांढरा नको. तुम्ही सिगारेट सोडलीत आणि तुमच्या दुकानात तीन खुर्च्या आहेत असं मी सांगून ठेवलंय, तेव्हा दोन्ही बाबतींत सांभाळून घ्या. मागणी तुम्हीच घाला. मला बोलायला लावू नका. तुम्हाला ब्रेकची गोष्ट माहीतच आहे.

ता. क. दुसरं. आणि आईला तुम्हीच सांगा. ती त्या औषधवाल्याच्या मुलीचं मनात धरून बसलीय. तुमचं ऐकते ती. मी सांगायला गेलो तर मला ऐकावं लागेल. तिला हळूच सांगा, जेवण झाल्यावर, आणि मग माझ्या नावाचा जो काय आरडाओरडा होईल तो तुमच्या घरातच उरकून घ्या, म्हणजे इकडे यायचा नाही.

ता. क. तिसरं, दुसऱ्या हातचं. मामा, मी झेरिना. पत्र स्टँडवर नेऊन द्यायचं काम मी मागून घेतलं आणि इथे बाकावर बसून वाचलं (पाकीट धड चिकटवलेलं नव्हतं, कौलं मात्र तो चांगली बसवतो). यातलं बरंचसं खरं आहे. ट्राममध्ये मी रागाने लाल नव्हते, हसू दाबत होते, नाहीतर मला बाकावरून उचलावं लागलं असतं. नेजादच्या आईंना सांगायची तसदी घेऊ नका. त्यांना मी हिवाळ्यातच फोन केला होता; त्या तेव्हापासून वाट बघतायत, आपला मुलगा आपल्याला हे कधी सांगतो याची. त्यांनाही बसने घेऊन या. आणि एक मागणं आहे. माझ्या बाबांना आलोइसने विचारलं. नेजादला बाबांनी आणि अख्ख्या ट्रामने विचारलं. आता बाबांना विचारायला तुम्ही येणार. एवढं लांबलचक पत्र आहे, वरपासून खालपर्यंत शोधून बघा, मला कुणी काही विचारल्याचं सापडतं का. उद्या या, पोटभर जेवा, बाबांशी रूळ आणि मधमाश्या यांवर मनसोक्त बोला, पण माझ्याबद्दल एक अक्षर काढू नका. ते त्याला बोलू दे. कितीही वेळ लागू दे. उद्या बाबांची सुट्टी आहे.